कोटाखालची चकली

श्रूजबरी, २९ डिसेंबर

प्रिय ज्ञानदा,

तुझ्या बाबांची बायपास नीट पार पडली हे वाचून बरं वाटलं. जखम कोरडी आहे ना आणि पावलांवर सूज नाही ना, एवढं रोज बघत जा. मी भूल देणारी डॉक्टर होते, पण आयुष्यभर सर्जनांच्या शेजारी उभी राहिले, तेव्हा एवढं सांगायचा मला हक्क आहे.

फोनवर तू प्रत्येक गोष्टीला ‘हो काकू’ म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून ईमेल करते आहे. मराठी टाइप करायला मला वेळ लागतो. तो माझ्याकडे भरपूर आहे.

तुझा साप बरा आहे. ‘चकली’ असं मी तिला म्हणणार नाही, चकली ही खायची वस्तू आहे. रोज सकाळी तुझ्या खोलीच्या दाराबाहेर उभी राहते, श्वास घेते आणि आत जाते. पेटीचं कुलूप बघते, पाणी बदलते, उष्णता किती ते बघते आणि जिना उतरून साबणाने हात धुते. तू सांगितल्याप्रमाणे शुक्रवारी गॅरेजच्या फ्रीजरमधला एक उंदीर कोमट पाण्यात ठेवून चिमट्याने समोर धरला. तिने तोंड फिरवलं. हात भरून येईपर्यंत मी तशीच उभी होते. पंचेचाळीस वर्षं अमेरिकेत काढली, पण हा प्रसंग येईल असं वाटलं नव्हतं.

ऑक्टोबरात तू तिला गळ्यात घालून फार्मर्स मार्केटला गेलीस तेव्हा मी फार बोलले तुला. मंडळाच्या कोजागरीला जो तो मला तेच विचारत होता, ‘सुलभाताई, तुमच्याकडे राहणारी ती साप घेऊन फिरते का हो?’ एका बाईंच्या नातवाने तिला हात लावून तेच हात तोंडात घातले होते. सापाच्या अंगावरचे साल्मोनेलाचे जंतू पोटात गेले की काय होतं ते मी बघितलेलं आहे. साप पुन्हा घराबाहेर न्यायचा नाही, ही अट मी घातली ती अजूनही योग्यच वाटते.

असो. पंधरा जानेवारीला तू येतेस. तोवर मी निभावून नेईन.

तुझी,
सुलभाकाकू


नागपूर, ३ जानेवारी

प्रिय काकू,

थँक यू, थँक यू, थँक यू. तुम्ही चिमट्याने उंदीर धरून उभ्या आहात हे मी आईला सांगितलं, तर तिने कपाळाला हात लावला.

चकली खात नाही याचं टेन्शन घेऊ नका. या जातीचे साप थंडीत महिना-महिना खात नाहीत. वजन फार उतरलं नाही तर काही होत नाही. फक्त ऊब कमी होऊ देऊ नका. तिला गारठा सहन होत नाही, छातीत कफ होतो.

एक विचारायचं होतं. बाबा अजून बाथरूमपर्यंत एकटे जात नाहीत. आई थकली आहे. मी तिकीट जरा पुढे ढकललं तर चालेल का? जानेवारीच्या शेवटापर्यंत. व्हिसा स्टॅम्पिंगचंही काम चालू आहे, होऊन जाईल ते.

आणि काकू, ती कोणालाही कधी चावलेली नाही. एकदा हातात घेऊन बघा ना. थंडगार, लिबलिबीत असेल असं वाटतं, पण तशी नसते.

तुमची,
ज्ञानदा


श्रूजबरी, २० जानेवारी

प्रिय ज्ञानदा,

तुझा साप अजून जेवलेला नाही. तू म्हणतेस काही होत नाही. मला रात्री झोप लागत नाही. पेशंट खात नसेल तर कारण शोधायचं असं मला शिकवलं गेलं. तिला विचारता येत नाही आणि तू उत्तर देत नाहीस.

परवा तुझा फोन लागला नाही म्हणून तुझ्या आईला केला. त्या म्हणाल्या, ‘आता ती इथेच आहे, देवाची कृपा.’ आवाजात आनंद होता. मी विचारलं, ‘म्हणजे परत कधी?’ तर त्यांनी विषय बदलला आणि बाबांच्या डायटबद्दल विचारू लागल्या.

ज्ञानदा, मी काही खुळी नाही. तुझं लग्न ठरलं असेल तर चांगलीच गोष्ट आहे. पण मग तसं सांग. जिवंत प्राणी एखाद्या म्हातारीच्या गळ्यात टाकून, रोज ‘होऊन जाईल’ म्हणत राहायचं, हे मला आवडलं नाही. शेजारच्या नीलांबरीच्या लेकीला मी शाळेनंतर सांभाळते. वर साप आहे हे नीलांबरीला सांगितलेलं नाही, कारण ती सापाचं चित्र असलेलं पुस्तकसुद्धा घरात ठेवत नाही. ईरा जिन्याकडे गेली की मी हातातलं टाकून तिला परत बोलावते. हे आणखी किती दिवस चालायचं?

रविवारी मोठं वादळ येणार आहे म्हणतात. दुकानांत ब्रेड संपला आहे.

सुलभाकाकू


नागपूर, २२ जानेवारी

काकू,

लग्न नाही ठरलेलं. ठरलं असतं तर बरं, असं वाटण्याइतकी वाईट वेळ आहे.

व्हिसाची मुलाखत डिसेंबरातच झाली. तिथल्या अधिकारी बाईंनी माझ्या रिसर्चबद्दल दोन प्रश्न विचारले, पासपोर्ट ठेवून घेतला आणि ‘पुढची तपासणी होईल, थांबा’ एवढंच सांगितलं. किती थांबा ते कोणी सांगत नाही. सेमिस्टर सुरू झालं. मी शिकवायचे ते लॅबचे तास दुसऱ्याला दिले. आईला मनातून बरंच वाटतंय, ते तुम्ही ऐकलंत. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही तीन आठवड्यांसाठी हो म्हटलं होतं आणि मला भीती वाटली की तुम्ही म्हणाल, मग घेऊन जा तुझा साप. मी कुठे घेऊन जाऊ काकू?

वादळाचं मीही वाचलं. प्लीज नीट ऐका. वीज गेली तर पेटी दोनेक तासांत गार पडेल. चकलीला उशीच्या अभ्र्यात घाला, तोंड घट्ट बांधा आणि अभ्रा अंगाशी धरा, स्वेटरच्या आत. तुमच्या अंगाची ऊब पुरते तिला. लॅबमधला अनय येऊन तिला घेऊन गेला असता, पण तो वूस्टरला राहतो आणि त्याच्याकडे गाडी नाही.

तुम्हाला नाही जमलं तर नाही जमलं. मी काही म्हणणार नाही.

ज्ञानदा


नागपूर, २६ जानेवारी

काकू, तुमचा फोन बंद लागतोय. श्रूजबरीत वीज गेल्याचं बातम्यांत आहे. चकलीचं सोडा. तुम्ही कुठे आहात?


नागपूर, २७ जानेवारी

काकू, अनयने तुमच्याकडे यायला बघितलं, पण रस्ते बंद आहेत. तो म्हणाला शेजाऱ्यांचंही घर अंधारात असेल. बाबा विचारतायत मी सारखी फोन का बघतेय. फक्त एक ओळ पाठवा.


श्रूजबरी, २९ जानेवारी

प्रिय ज्ञानदा,

आम्ही दोघी जिवंत आहोत. आता सविस्तर.

रविवारी दुपारी जेवण होतंय तोच वीज गेली. माझी हीटिंग गॅसवर आहे, पण तिला चालू व्हायला वीज लागते, तेव्हा तीही बंद. चार वाजता मी कोट घालून स्वयंपाकघरात बसले होते आणि माझ्या तोंडातून वाफ निघत होती. वर जाऊन बघितलं तर ती दगडी तुकड्यासारखी वेटोळं करून पडली होती. हलवलं तरी हलेना. मला वाटलं, गेली.

मी माझ्या भीतीबद्दल काही लिहिणार नाही. एवढंच सांगते की मी मोठ्याने मनाचे श्लोक म्हणत तिला उचललं. अभ्र्यात घातलं, गाठ मारली, जुन्या सुती पातळाची पट्टी काढून बाळंतिणीला बांधतात तशी पोटावर बांधली, वरून स्वेटर आणि वरून कोट. थोड्या वेळाने ती हलली. तेव्हा मात्र मला रडू आलं, पण ते आनंदाने की भीतीने, कोण जाणे.

तेवढ्यात नीलांबरीचा नवरा राज दारात. ‘काकू, शाळेच्या जिममध्ये टाऊनने सोय केली आहे, तिथे जनरेटर आहे, चला.’ मी त्याला सांगायला हवं होतं. गाडीत नीलांबरी होती, मागच्या सीटवर ईरा. मी सांगितलं असतं तर मला घेतलं नसतं, किंवा साप ठेवून यायला सांगितलं असतं. मी बसले. तुला घातलेली अट मीच मोडत होते, आणि तूसुद्धा कधी नेलं नसशील अशा ठिकाणी तिला नेत होते.

शाळेच्या दारात एक स्वयंसेविका नावं घेत होती. ‘पाळीव प्राणी आहे का बरोबर?’ प्राण्यांसाठी मागची पडवी होती. तिथे कुत्र्या-मांजरांचे पिंजरे ठेवले होते आणि दार सारखं उघडत होतं. वारा थेट आत येत होता. मी म्हटलं, ‘नाही.’

जिममध्ये अर्धं गाव होतं. मी भिंतीला टेकून खुर्चीत बसले, दोन्ही हात पोटावर. कोणी सूप आणलं, मी नको म्हटलं. नीलांबरीने कोट काढायला सांगितलं, इथे गरम आहे काकू. मी म्हटलं, मला थंडी वाजते. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. इतकी गुणी मुलगी आहे. आणि मग ईरा येऊन माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपली. मी तिला हलवूही शकत नव्हते. तिच्या कानापासून सापापर्यंत फक्त कापडाचे थर होते.

ऊब लागल्यावर तुझी चकली चांगलीच जागी झाली. ईराने डोळे उघडले आणि मोठ्याने म्हणाली, ‘आजी, देअर इज समथिंग इन युअर टमी!’

मी म्हटलं, ‘काही नाही गं, झोप.’

‘इट्स मूव्हिंग!’

नीलांबरीने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं मला काहीतरी होतंय. ती कोटाची बटणं काढू लागली आणि मी तिचा हात धरला. ‘नीलांबरी, आधी ईराला घे. ऐक माझं. ज्ञानदाचा साप आहे. विषारी नाही. अभ्र्यात बांधलेला आहे.’

ती किंचाळली. मग कोणाला काय कळलं देव जाणे, ‘स्नेक!’ असं कोणीतरी ओरडलं आणि खुर्च्या पडू लागल्या. लोक मुलांना उचलून दाराकडे धावले. एक म्हातारे गृहस्थ धक्क्याने खाली बसले. त्यांना काही झालं नाही, पण झालं असतं. बघता बघता माझ्याभोवती मोकळी जागा पडली आणि मी मध्ये एकटी, पोटावर हात धरून.

पोलीस आला. तरुण मुलगा, चेहरा पांढरा पडलेला. कमरेवर हात. ‘मॅडम, तुम्हाला ते बाहेर न्यावं लागेल.’

मी म्हटलं, ‘बाहेर नेलं तर ही तासाभरात मरेल. मी शहात्तर वर्षांची आहे, मलाही फार वेळ लागणार नाही.’

‘तुम्ही दारात प्राणी नाही म्हणून सांगितलंत.’

‘हो. खोटं सांगितलं.’

शेवटी त्याने मला शाळेच्या नर्सच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसला. वीज परत येईपर्यंत मी तिथे होते. अधूनमधून तो दाराच्या काचेतून डोकावत होता. माझ्याकडे नाही, कोटाकडे.

घरी राजच घेऊन आला. नीलांबरी पुढे बसली होती. मी माझ्या दारात उतरत होते तेव्हा म्हणाली, ‘काकू, तुम्ही माझ्या मुलीला त्यावर झोपू दिलंत.’ एवढंच. काल ईरा शाळेतून आली नाही. आजही नाही.

साप पेटीत आहे. पाणी पितो आहे.

सुलभाकाकू


नागपूर, १४ फेब्रुवारी

प्रिय काकू,

तुमचं पत्र वाचून मी चार वेळा उत्तर लिहिलं आणि खोडलं. फोनवर तुम्ही ‘झालं गेलं’ म्हणालात, पण झालेलं गेलेलं नाही. तुम्हाला त्या अवस्थेत मी टाकलं. नीलांबरीताईंना वेगळं पत्र लिहिलं आहे, त्या वाचतील की नाही माहीत नाही.

परवा व्हिसा मिळाला. पासपोर्ट हातात आहे. घरात पेढे आले. पण काकू, मी न येण्याचा विचार करते आहे. हे सेमिस्टर गेलंच आहे. गाइड म्हणतात मे महिन्यात या, उन्हाळ्यात काम देतो, पण ते मनापासून म्हणतात की नाही, त्यांच्या आवाजावरून मला कळलं नाही. बाबा म्हणतात जा. आई विषय बदलते. इथे एका कॉलेजात शिकवायची जागा आहे.

चकलीला साप सांभाळणाऱ्या कोणा रेस्क्यूवाल्यांना देऊन टाका. अनय पत्ता देईल. माझं सामान खोक्यांत भरून गॅरेजमध्ये ठेवा आणि खोली दुसऱ्या कोणाला द्या.

एक सांगते, तुम्ही कधी विचारलं नाही तरी. मी तिला बाहेर का न्यायचे ते. शायनिंग मारायला नाही. पहिलं वर्षभर मी लॅबमधून खोलीत आणि खोलीतून लॅबमध्ये जायचे. शनिवारी त्याच मार्केटला जायचे, भाजी घ्यायचे, थँक यू म्हणायचे, परत यायचे. कोणी थांबायचं नाही. पुष्कळदा सोमवार सकाळपर्यंत माझ्या तोंडून मराठीत किंवा इंग्रजीत दुसरं वाक्य गेलेलं नसायचं. आणि चकली गळ्यात असली की लोक स्वतःहून यायचे. हात लावू का? नाव काय हिचं? आणि तुझं? काही लोक घाबरून लांब जायचे, ते मला दिसायचं काकू, पण मी न बघितल्यासारखं करायचे. जे यायचे ते हवे होते म्हणून. ते चुकीचंच होतं. तिच्यासाठीही. ती बाहेर असताना अंग आकसून बसायची आणि मी लोकांना सांगायचे, शी लव्ह्ज इट.

ज्ञानदा


श्रूजबरी, २१ फेब्रुवारी

प्रिय ज्ञानदा,

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात साप आजारी पडला. ती तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागली. शिट्टीसारखा आवाज येत होता. गारठा छातीत बसला, तू म्हणाली होतीस तसा. श्वास अडकलेला मला कळतो, मग तो कोणाचाही असो. सरपटणारे प्राणी बघणारी डॉक्टर हायवेने चाळीस मिनिटांवर आहे. मोतीबिंदूनंतर मी हायवेवर गाडी चालवत नाही. उबरच्या दोघांनी साप म्हटल्यावर ट्रिप कॅन्सल केली.

मी नीलांबरीच्या दारात गेले. आत बोलावलं नाही तिने. मी उभ्याउभ्याच बोलले. ‘त्या दिवशी मी तुला गाडीत बसायच्या आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण तू नाही म्हटलं असतंस आणि तो तुझा हक्क होता. आज आधी सांगते आहे. साप आजारी आहे. कुलूपबंद पेटीत असेल. मला तिकडे नेशील का? नाही म्हणालीस तर मी राग धरणार नाही.’

तिने बाहेर येऊन दार मागे ओढून घेतलं. मग म्हणाली, ‘कुलूप दाखवा.’

मी पेटी आणून दाखवली. तिने लांबूनच मला कुलूप ओढून दाखवायला लावलं. मग आणखी एक कुलूप आणलं राजच्या सायकलचं आणि तेही लावायला लावलं. पेटी गोधडीत गुंडाळून डिकीत. सगळी वाट ती स्टीअरिंग घट्ट धरून गाडी चालवत होती आणि आरशात मागे बघत होती. मलाही तिच्याइतकीच भीती वाटत होती, पण ते सांगून तिला काय उपयोग?

दवाखान्यात बरीच माणसं होती. मी आत शिरतानाच मोठ्याने सांगितलं, ‘पेटीत साप आहे, बंद आहे.’ दोघे जण उठून पलीकडे गेले. बाकीचे बसून राहिले. नीलांबरी दाराजवळ उभी. मग आतून एक मुलगी आली, हातात कागद, आणि सगळ्या लोकांसमोर तिने पुकारा केला, ‘चॅक्ली कार्निक?’

फॉर्मवर तिचं आणि माझं नाव मीच लिहिलं होतं, पण इथे जनावराला मालकाचं आडनाव लावतात हे मला कुठे ठाऊक? मी पेटी घेऊन उठले. मागे बघितलं तर नीलांबरी तोंडावर हात धरून हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग तिला ते आवरेना. मी परत जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो राहू दिला.

सापाला इंजेक्शनं दिली आहेत. उरलेली मी देते. सुई धरायला हात अजून विसरलेले नाहीत. काल शिट्टी कमी होती. ईरा अजून येत नाही, पण काल तिच्या हातून आईने डबा पाठवला. दारापर्यंत.

आता तुझं. तुझी खोली मी कोणाला दिलेली नाही आणि सामान भरलेलं नाही. तू मार्केटला साप का नेतेस हे मी कधी विचारलं नाही, नुसती ओरडले. तू वर मॅगी करून खात होतीस आणि मी खाली आमटी-भात करून एकटी खात होते. मध्ये एक जिना होता. तू भाडेकरू म्हणून खाली आली नाहीस आणि मी घरमालकीण म्हणून वर आले नाही. मला वाटायचं, तरुण पोरगी आहे, म्हातारीची कटकट कशाला हवी.

नागपुरात राहायचं असेल तर राहा, त्यात काही कमीपणा नाही. पण इथे तुझं कोणी नाही म्हणून राहणार असशील, तर तेवढं खरं नाही. साप द्यायचा असेल तर तू येऊन, तिला बघून, स्वतःच्या हाताने कोणाला द्यायचा तो दे. ते काम मी करणार नाही. मला तिची अजून भीती वाटते.

तुझी,
सुलभाकाकू


नागपूर, २५ फेब्रुवारी

प्रिय काकू,

बाबांनी तुमचं पत्र वाचलं. मग मला म्हणाले, माझ्यासमोर तिकीट काढ. काढलं. दहा मे. अनय बॉस्टनला घ्यायला येईन म्हणतोय, मित्राची गाडी घेऊन.

मला भीती वाटते आहे. गाइडची, कामाची, पुन्हा त्याच खोलीत शनिवार काढायची. पण येते.

आईने आत्तापासूनच बॅग काढली आहे. सकाळी मला म्हणाली, ‘त्या काकूंसाठी काहीतरी चांगलं देते. काय आवडतं गं त्यांना?’

मी तुमच्या घरात दीड वर्ष राहिले, काकू, आणि मला सांगता आलं नाही. आई डाळ निवडता निवडता उत्तराची वाट बघत होती.

काय आवडतं तुम्हाला?

तुमची,
ज्ञानदा